अरुंद कोनाचा डोळा

पारपटल आणि बुबुळ जिथे मिळतात, त्या सांध्यातल्या बारीक चाळणीतून डोळ्यातले पाणी सतत निचरून जात असते. काही डोळ्यांत हा कोन मुळातच अरुंद असतो. अशा डोळ्याचा आकार बहुधा आखूड आणि चष्म्याचा नंबर अधिकचा असतो. वयाबरोबर भिंग जाड होऊन बुबुळाला पुढे रेटते, फट आणखी बारीक होते. बायकांत हे जास्त आढळते. अंधारात बाहुली अर्धवट विस्फारली की बुबुळ भिंगाला घट्ट टेकते, मागे अडलेले पाणी त्याला शिडासारखे फुगवते आणि कोन मिटतो. एरवी 10 ते 21 मिलिमीटर पारा असणारा दाब काही तासांत 50 च्या वर जाऊ शकतो. हाच काचबिंदूचा तीव्र झटका.

घात असा की तो डोळ्याचा आजार वाटतच नाही. कपाळ ठणकते, उलट्या होतात. खंडाळ्याचा घाट चढून आलेल्या बाईला हे झाले तर घरचे म्हणतात, ‘गाडी लागली’. मावळातल्या वाडीवर ते पित्त ठरते. लिंबू-आल्याचा रस देऊन तिला अंधाऱ्या खोलीत निजवतात, आणि अंधाराने तर बाहुली मोठी होते. खरी खूण डोळ्यातच असते: एकच डोळा लालभडक, नजर धुरकट, दिव्याभोवती रंगीत कडे, टॉर्च मारला तरी न आकसणारी बाहुली.

गाडी लागू नये म्हणून घेतलेली प्रोमेथाझिनची गोळी आणि सर्दीची काही औषधेही बाहुली विस्फारतात. बांधावरच्या धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन असते. तो उपटलेल्या हाताने डोळा चोळला तरी तेच होते.

मात्र अरुंद कोन असलेल्या प्रत्येकाला झटका येतो असे नाही. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या ग्वांगझूच्या अभ्यासात 889 जणांच्या एकाच डोळ्याला बुबुळात छिद्र पाडणारे लेसर केले. सहा वर्षांत कोन मिटू लागल्याच्या खुणा लेसर केलेल्या 19 आणि न केलेल्या 36 डोळ्यांत दिसल्या. म्हणून सरसकट लेसर नको, हे खरे. पण या हिशोबात झटका आल्यास दवाखान्यापर्यंतचा रस्ताही धरायला हवा. लोणावळ्याहून पुणे सुमारे 65 किलोमीटर. पवनेच्या खोऱ्यातल्या गावाला आषाढातल्या रात्री ते त्याहून कितीतरी लांब. डोळ्यावर आरशाचे भिंग टेकवून कोन तपासणाऱ्या डॉक्टरांना घर कुठे आहे हे आवर्जून सांगावे.

झटका आलाच तर थेंब आणि अ‍ॅसिटाझोलामाइडने दाब उतरवतात, मग लेसरने बुबुळात सूक्ष्म छिद्र पाडतात. दुसऱ्या डोळ्यालाही ते करतात, कारण त्याचाही कोन बहुधा तितकाच अरुंद असतो.