साम्य आणि साक्ष

कारंजा लाड येथील जैन भांडारांतल्या पोथ्यांवरून अपभ्रंश ग्रंथ संपादणाऱ्या हीरालाल जैनांसारख्या पंडितांस एक गोष्ट ठाऊक असे: दोन प्रतींत एकाच जागीं एकच चूक सांपडली, कीं त्यांचें मूळ बहुधा एक. प्रथिनांचा अभ्यासक आज असेंच करतो. त्याची वर्णमाला वीस अक्षरांची, इतकाच भेद. १९९० मध्यें निघालेलें ब्लास्ट हें संगणकीय साधन त्याला सदृश पाठ काढून देतें, आणि तेवढें साम्य निव्वळ योगायोगानें कितपत घडेल हेंही सांगतें.

परंतु मूळ एक म्हणून कार्यही एक, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? १९८७ मध्यें मेलनी ली व पॉल नर्स यांनीं विभाजन अडलेल्या यीस्टच्या पेशींत मनुष्याचें जनुक घातलें, तेव्हां त्या पुन्हां विभागूं लागल्या. येथें साक्ष प्रयोगाची आहे. उलट जंतूंतील एफटीएसझेड आणि आपल्या पेशींतील ट्यूब्युलिन पाहा. अक्षरें फारशीं जुळत नाहींत; १९९८ मध्यें दोहोंच्या आकृति उघड झाल्या, तेव्हां कुळ एक असल्याचें पटलें. तरी पहिलें पेशीस आवळणारें कडें रचतें, दुसरें गुणसूत्रें ओढणारे तंतु.

पोथीच्या अखेरीस नकलनवीस दोषांबद्दल क्षमा तरी मागे. प्रथिनांच्या कोठारांतही ‘साम्यावरून अनुमान’ अशी खूण पुष्कळदां असते; पण ती वाचतो कोण? आणि त्या नांवावर विसंबून कोणी आयुष्याचीं वर्षें खर्चतो.

परवां एका विद्यार्थ्यानें ‘विभाजनाचें’ म्हणून एक प्रथिन दाखविलें. कशावरून, असें विचारतां त्यानें आणखी तीन नोंदी पुढें केल्या. तिन्ही पहिलीच्याच नकला निघाल्या.