शेतातली ठेव आणि हरवलेला हातोडा



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १३:४४-५२) प्रभू येशूने एक अगदी छोटा दाखला सांगितला आहे. एका माणसाला शेतात लपवलेली ठेव सापडते. तो ती पुन्हा झाकतो, हर्षाने घरी जातो, होते नव्हते ते सारे विकून टाकतो आणि ते शेत विकत घेतो. दाखला इथेच संपतो. ठेव सोन्याची होती की चांदीची, कोणी पुरली होती, पुढे त्या माणसाने तिचे काय केले, यातले काहीच कळत नाही. लहानपणी हा दाखला ऐकला की आम्हांला वाटायचे, प्रभूने गोष्ट अर्ध्यावरच सोडली!

अशी ठेव शोधणारी माणसे आजही आहेत. इंग्लंड-अमेरिकेत सुटीच्या दिवशी बागेत किंवा माळावर एखादा गृहस्थ कानांना हेडफोन लावून, लांब दांडीचे एक यंत्र जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत सावकाश चालताना दिसतो. आपली परदेशी राहणारी मुले-नातवंडे कदाचित हे रोज पाहत असतील. ते यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर, आणि शोध चाललेला असतो जुन्या नाण्यांचा. हे सगळीकडे चालत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत त्याला बंदी आहे आणि न्यूयॉर्क शहरातील बागांत त्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. या छंदातील भल्या माणसांचा एक नियम आम्हांला फार आवडला. हिरवळ सुरीने नीट कापायची, झाकणासारखी उचलायची, खालचे नाणे काढायचे, माती परत भरायची आणि हिरवळ जागच्या जागी दाबून बसवायची. मागून येणाऱ्या मुलाचा पाय खड्ड्यात अडकता कामा नये.

या यंत्राची करामत थोडक्यात अशी. त्याच्या तळाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असला तर त्या धातूतही किंचित वीज फिरू लागते, यंत्राला तिची चाहूल लागते आणि कानात आवाज येतो. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. मात्र आवाज झाला म्हणजे नाणेच असेल असे नाही. पुष्कळदा हाती लागतो खिळा, बाटलीचे बूच, नाहीतर थंड पेयाच्या डब्याची ओढून काढायची कडी. गंमत म्हणजे ही फेकून दिलेली कडी आणि सोन्याची अंगठी यांचा आवाज जवळपास सारखाच येतो. कचऱ्याला कंटाळून ज्याने यंत्राला त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला लावले, तो अंगठ्यांवरूनही तसाच चालत जातो. शंभर कड्या खणून काढण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच कधीतरी अंगठी सापडते. आपल्या प्रार्थनेचेही बरेचसे असेच आहे. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

या यंत्राच्या बालपणीची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधण्याचे आपले यंत्र घेऊन आले. यंत्र चांगले होते. पण राष्ट्राध्यक्षांच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या आणि त्यामुळे आवाजाचा घोटाळा झाला. शिवाय गोळी उजव्या बाजूलाच आहे अशी मुख्य डॉक्टरांची खात्री होती, म्हणून त्यांनी बेल यांना तेवढ्याच बाजूला शोधू दिले. १९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. घरातल्या भांडणात दोष कोणत्या बाजूला आहे हे आपणही असेच आधी ठरवून टाकतो आणि मग तेवढ्याच बाजूला शोधत बसतो.

आता त्या ठेवीकडे येऊ. परवा दाखल्यावर चिंतन करताना आम्हांला इंग्लंडमधल्या दोन सत्य घटना आठवल्या.

पहिली १९९२ सालची. सफोक परगण्यातील हॉक्सन या गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचे स्नेही एरिक लॉज हे निवृत्त माळी. निवृत्तीच्या वेळी त्यांना मेटल डिटेक्टर भेट मिळाला होता. मित्राचा हातोडा शोधून द्यावा म्हणून १६ नोव्हेंबरला ते शेतात गेले. यंत्र वाजले, त्यांनी खणले, तर चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी! नाण्यांमागून नाणी निघू लागली. आणि इथे लॉज यांनी जे केले ते विचार करण्यासारखे आहे. त्यांनी खणणे थांबवले. शेताची मालकी परगण्याच्या कौन्सिलकडे होती. तिला आणि पोलिसांना त्यांनी कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि मातीचा तो भाग हलक्या हाताने उचलून नेला. त्यामुळेच पुढे कळू शकले की ही ठेव एका लाकडी पेटीत होती आणि आत वस्तू कशा रचून ठेवल्या होत्या. एकूण १४,८६५ नाणी निघाली, त्यांतली ५६९ सोन्याची. शिवाय दागिने, चमचे आणि चांदीच्या मिरपुडीच्या डब्या. मिरी त्या काळी आपल्या मलबार किनाऱ्यावरून रोमन साम्राज्यात जात असे. म्हणजे त्या घरच्या जेवणाला आपल्या बाजूचा थोडा स्वाद होता म्हणायचा!

इसवी सन ४०७ च्या सुमारास ब्रिटनमधली रोमन सत्ता ढासळली आणि त्या धामधुमीनंतर कधीतरी कोणीतरी ही पेटी पुरली. दिवस बरे आले की परत येऊ, असे त्या घराने म्हटले असेल. कोणी परत आले नाही. काही वस्तूंवर ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरे कोरलेली आहेत. कदाचित ते घर ख्रिस्ती असावे. चमचे मोजून, कापडात गुंडाळून पेटी भरणारी ती आई आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या ठेवीपोटी सरकारने १७ लाख ५० हजार पौंड दिले. त्या वेळच्या कायद्याने सगळे पैसे लॉज यांचे होते आणि कोणाला वाटा देण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. तरीही त्यांनी हातोडा हरवलेल्या त्या शेतकऱ्याला वाटा दिला. हातोडाही सापडला. तोही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवला आहे.

दुसरी घटना २०१५ ची. लेमिन्स्टर गावाजवळच्या एका शेतात दोघा जणांना याच यंत्राने सुमारे ११०० वर्षांपूर्वीची ठेव सापडली: सोन्याची अंगठी, सोन्याचे कडे, सोन्यात मढवलेला स्फटिक, चांदीची लगड आणि अंदाजे ३०० नाणी. तोपर्यंत इंग्लंडमध्ये १९९६ चा नवा कायदा आला होता. त्याप्रमाणे अशी वस्तू सापडली की १४ दिवसांत कळवायचे. मग संग्रहालय तिची किंमत देते आणि ती सहसा शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मीनिम्मी वाटली जाते. या दोघांनी थोडे दाखवले, बाकीचे लपवले आणि गुपचूप विकायला काढले. पुसून टाकलेले फोटो पोलिसांनी फोनमधून परत मिळवले आणि बिंग फुटले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांना १० आणि साडेआठ वर्षांच्या शिक्षा झाल्या. पुढे अपिलात त्या कमी झाल्या. खटला चालला तोवर जेमतेम ३१ नाणी हाती लागली होती. बाकीची कुठे गेली?

या नाण्यांतल्या काहींवर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत: वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा सेओलवुल्फ. आल्फ्रेडला इतिहासाने थोर म्हटले आणि सेओलवुल्फला वायकिंगांच्या हातातले बाहुले म्हणून हिणवले. नाणी सांगतात की एके काळी दोघे मित्रराजे होते. एका माणसाची गेलेली अब्रू हजार वर्षे मातीत साक्षीला बसली होती, आणि चोरीच्या बाजारात ती साक्ष जवळजवळ बुडालीच होती. चोरी करणाऱ्याला वाटते, आपण फक्त पैसे चोरले.

कोणी विचारील, ‘फादर, दाखल्यातल्या माणसानेही ठेव लपवलीच की! मालकाला कुठे सांगितले?’ प्रश्न रास्त आहे. प्रभू इथे जमिनीचा कायदा शिकवत नाही, तो त्या माणसाचा आनंद दाखवतो. तरी एक गोष्ट पाहा. ठेव समोर उघडी होती, रान सुने होते. पोत्यात भरून रातोरात नेता आली असती. त्याने तसे केले नाही. त्याने अख्खे शेत घेतले, दगडधोंड्यांसह, काट्याकुट्यांसह, पूर्ण किंमत मोजून. स्वर्गाचे राज्य असेच घ्यावे लागते. नुसती ठेव हवी आणि शेत नको, हा लेमिन्स्टरचा रस्ता आहे. आशीर्वाद हवा पण सासू नको, मिस्सा हवी पण शेजारी बसलेला भाऊ नको, असे आपण किती वेळा म्हणतो!

आता आपल्या वसईकडे वळू. किल्ल्यात पुरलेल्या पोर्तुगीज धनाच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो. किल्ला संरक्षित स्मारक आहे, तिथे कुदळ मारणे गुन्हा आहे, हे तरुणांनी लक्षात ठेवावे. भारतात १८७८ पासूनचा कायदाही आहे: जमिनीत लपवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. पण खरे सांगायचे तर आमची चिंता किल्ल्याची नाही. आपल्याकडे ठेव जमिनीत सापडत नाही. ती कपाटाखालच्या ट्रंकेत सापडते.

आई वारते. सातव्या दिवसाची मिस्सा होते, पाहुणे जातात. मग एका दुपारी घरात राहणारा मुलगा किंवा सून ट्रंक उघडते. लुगड्यांच्या घडीत पाटल्या असतात, जुने पासबुक असते, क्वचित एखादा कागद असतो. त्या घटकेला खोलीत दुसरे कोणी नसते. यंत्र वाजलेले असते आणि ऐकणारे कान एकाच माणसाचे असतात. पाटल्या परत घडीत ठेवून सगळ्या भावंडांना बोलवायचे, की ‘मी तिची सेवा केली, त्यांनी काय केले’ असे मनाशी म्हणून त्या आपल्या कपाटात सरकवायच्या? सेवा केली हे खरे असते. म्हणूनच हा मोह मोठा असतो.

जमिनीचेही तेच. शेताचा सौदा ठरला की लग्न होऊन गेलेल्या बहिणीकडे कागद नेला जातो. ‘ताई, इथे फक्त सही कर.’ तो कागद हक्कसोडपत्र आहे आणि शेताचा भाव काय ठरला आहे, हे तिला सांगितलेले नसते. ती सही करते. भावावर तिचा विश्वास असतो. तिने सारे जाणून, आपखुशीने हक्क सोडला तर ते तिचे मोठे मन. तिला अंधारात ठेवून घेतलेली सही ही लपवलेली ठेवच आहे. अशा घरांत पुढे वर्षानुवर्षे काय होते ते आम्ही पाहतो. एकाच चर्चमध्ये भाऊ डावीकडच्या बाकावर, बहीण उजवीकडच्या. ‘तुम्हांबरोबर शांती असो’ म्हणताना दोघेही पुढच्याकडे वळतात. मग एखाद्या दफनविधीला कबरीपाशी दोघे समोरासमोर येतात आणि माती टाकून वेगवेगळ्या वाटांनी निघून जातात.

आजच्या पहिल्या वाचनात शलमोन राजाला देव हवे ते मागायला सांगतो. तो धन मागत नाही, दीर्घायुष्य मागत नाही. बरेवाईट ओळखणारे मन मागतो. कडी कुठली आणि अंगठी कुठली हे ज्याला कळते ते मन. पाटल्यांचे वजन सोनार सांगेल. बहिणीचे वजन कोण सांगणार?

आपल्या धर्मग्रामात या वर्षीही अनेक घरांतून आई-वडील देवाघरी गेले आहेत. काही घरांत ट्रंक अजून उघडायची आहे. काही घरांत ती उघडून झाली आहे आणि सांगायचे राहिले आहे. ज्यांना ते जड जात असेल त्यांनी प्रायश्चित्त संस्कारासाठी यावे. मिस्सेच्या अर्धा तास आधी आम्ही बसलेलो असतो. आणि सगळ्या भावंडांना एकत्र बोलवायचे धाडस होत नसेल तर निरोप द्या. आम्हांपैकी कोणीतरी एक जण घरी येऊन बसेल. आम्ही वाटणीबद्दल एक शब्द बोलणार नाही. ट्रंक उघडण्याआधी प्रार्थना करू आणि चहा घेऊन परत येऊ.