जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वी



कोकणातील आपल्या वस्त्यांमध्ये समुद्राशी नाते नसलेले घर विरळाच. आजोबा खलाशी होते, वडील नोकरीसाठी आखातात गेले आणि आता नातू क्रूझ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अजस्र पर्यटक-जहाजावर कामाला निघतो. निघण्याच्या दिवशी आई बॅगेत लोणच्याची बरणी ठेवते, वडील पुनःपुन्हा कागद मोजतात. पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय दाखला, कराराची प्रत. बंदराच्या दारावर यांतील एक कागद जरी कमी पडला, तरी मुलाला माघारी फिरावे लागते. परंतु एक कागद असा आहे, जो बंदरावर कोणीही मागत नाही. तो म्हणजे आपल्यावर असलेल्या लोकांच्या हक्कांचा हिशेब. तो मागितला जाईल, पण वेगळ्या दारावर. आज त्याच कागदाविषयी बोलायचे आहे.

पवित्र कुरआनच्या सूरह जुखरुफमध्ये (४३:१२-१४) अल्लाहने नौका आणि जनावरे या दोन्ही वाहनांचा एकत्र उल्लेख केला आहे. मनुष्याने वाहनावर स्थिरावल्यावर आपल्या पालनकर्त्याच्या कृपेचे स्मरण करावे. हे वाहन आमच्या ताब्यात देणारा तोच पवित्र आहे, आमच्या अंगी ते सामर्थ्य नव्हते, अशी कबुली द्यावी, असे तेथे शिकवले आहे. ही दुआ आपल्या मुलांनाही पाठ असते. पण तिचा शेवट आपण कधी नीट ऐकला आहे काय? आम्ही आमच्या पालनकर्त्याकडे परतणार आहोत, या उच्चाराने ती संपते. प्रवासाच्या आरंभीच अखेरच्या परतीची आठवण का? कारण प्रत्येक वाहनावर चढणे ही त्या एका दिवसाची तालीम आहे, ज्या दिवशी आपण स्वतःच्या पायांनी चढणार नाही. चार माणसे आपल्याला खांद्यावर घेतील.

आता अल्लाहच्या प्रेषितांचा (सल्ल.) सर्वांत मोठा प्रवास आठवा. हिजरतची रात्र. मक्केतील शत्रू प्राण घेण्यासाठी टपून बसलेले. अशा घडीला मनुष्य स्वतःचा जीव वाचवण्यापलीकडे काय पाहील? परंतु प्रेषितांनी (सल्ल.) हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, कशासाठी? तर लोकांनी विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तू ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. या ठेवी त्याच मक्कावासीयांच्या होत्या, ज्यांनी त्यांना शहर सोडायला भाग पाडले होते. शत्रूची अमानतसुद्धा अडकून राहू नये, ही त्या प्रवासाची पहिली तयारी होती.

समुद्र आणि कर्ज यांची एक कथा प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः आपल्या सहाबांना सांगितली. ती सहीह बुखारीत आहे. बनी इस्राईलमधील एका माणसाने दुसऱ्याकडे एक हजार दीनार मागितले. धनकोने साक्षीदार विचारला, तर तो म्हणाला, अल्लाह साक्षी आहे. जामीन विचारला, तर म्हणाला, अल्लाहच जामीन आहे. धनकोने रक्कम दिली. तो माणूस समुद्रापार गेला, त्याने आपले काम उरकले आणि ठरलेल्या मुदतीला परतण्यासाठी जहाज शोधू लागला. जहाज मिळेना. तेव्हा त्याने एक लाकूड पोखरले, त्यात हजार दीनार आणि चिठ्ठी ठेवली, तोंड पक्के बंद केले आणि अल्लाहवर भरवसा ठेवून ते समुद्रात सोडले. इकडे धनको जहाजाची वाट पाहत किनाऱ्यावर आला. जहाज नव्हते, एक ओंडका तेवढा दिसला. जळणासाठी म्हणून तो घरी नेला, फोडला, तर आत रक्कम आणि चिठ्ठी! पुढे जहाज मिळताच तो कर्जदार आणखी हजार दीनार घेऊन हजर झाला आणि उशिराबद्दल कारण सांगू लागला. धनकोने सांगितले की अल्लाहने तुझे देणे आधीच पोहोचवले आहे.

या कथेतील चमत्कारावर आपण थक्क होतो आणि थांबतो. मला मात्र त्या माणसाचे दुसऱ्यांदा हजार दीनार घेऊन येणे अधिक मोठे वाटते. लाकूड सोडले म्हणजे आपण मोकळे झालो, असे त्याने मानले नाही.

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण इशाच्या नमाजनंतर माझ्याकडे आला. दोन दिवसांनी त्याला जहाजावर रुजू व्हायचे होते. म्हणाला, "मौलाना, दुआ करा." मी दुआ केली. दारू वाढण्याचे काम वाट्याला येऊ नये म्हणून त्याने दुसरा विभाग मागून घेतला होता, हे ऐकून मला आनंद झाला. तो उठणार इतक्यात मी सहज विचारले, "बेटा, कोणाचे देणे आहे का?" तो संकोचला. प्रशिक्षणाच्या फीसाठी शेजारच्या एका विधवा चाचींकडून त्याने चाळीस हजार रुपये घेतले होते. कागद नाही, साक्षीदार नाही. "पहिला पगार झाला की देईन. चाचींनी कधी मागितलेही नाहीत," तो म्हणाला.

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, हा सूरह बकराचा (२:२८२) आदेश मी त्याला ऐकवला. त्याच रात्री आम्ही चाचींच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "अरे, घरच्या पोराकडून कसला कागद?" तरीही कागद लिहिला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, एक प्रत चाचींकडे आणि एक त्याच्या वडिलांकडे राहिली. चौथ्या महिन्यात चाची अल्लाहला प्रिय झाल्या. त्यांच्या मुलीला या पैशांची कल्पनाही नव्हती. कपाटात कागद सापडला आणि मुलाच्या वडिलांनी रक्कम तिच्या हाती ठेवली. आता सत्य सांगतो. त्या रात्री मी तो प्रश्न ठरवून विचारला नव्हता. त्यापूर्वी कितीतरी मुलांना केवळ दुआ देऊन मी निरोप दिला आहे. त्यांच्यापैकी कोणाकोणाच्या मागे कोणाचा पैसा अडकला असेल, हा विचार आजही माझी झोप मोडतो. कारण शहीदाचेही सारे गुन्हे माफ होतात, कर्ज मात्र होत नाही, असे प्रेषितांनी (सल्ल.) बजावले आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे शिकवावे लागत नव्हते. १९९५ पर्यंत मुंबईहून जिद्दाला हाजींची जहाजे जात. माझ्या दादीने तशाच जहाजाने हजयात्रा केली. ती सांगत असे की निघण्याआधी दादा आणि ती घरोघरी फिरले. बांधावरून ज्यांच्याशी अकरा वर्षे अबोला होता, त्यांच्याही दारात उभे राहिले. "बोलले-चालले माफ करा," एवढेच म्हणाले. मग देणी फेडली, वसीयत लिहिली आणि त्यानंतरच मुंबईचा मुसाफिरखाना गाठला. परत येऊच, असे त्या काळी कोणी गृहीत धरत नसे.

आज आपण काय करतो? मोबाइलवर एकच संदेश तीनशे जणांना पाठवतो: कळत-नकळत चूक झाली असल्यास माफ करावे. ज्याचे मन खरोखर दुखावले, त्यालाही तोच आणि ज्याला आपण ओळखतही नाही, त्यालाही तोच. बंधूंनो, ही माफी मागणे नव्हे. ज्याचा हक्क मारला, त्याच्या दारापर्यंत पाय गेले पाहिजेत. ते दार शेजारचेच असते आणि म्हणूनच समुद्र ओलांडण्यापेक्षा अधिक कठीण असते.

प्रवासात कसर कधी करावी, चालत्या जहाजावर किब्ला कसा धरावा, दोन नमाजा एकत्र करण्याबाबत शाफई आणि हनफी मतांत काय फरक आहे, हे आपापल्या आलिमांना विचारून निघावे. पण त्याआधी घरातच तीन गोष्टी करा. देण्या-घेण्याची यादी लिहून साक्षीदारांसमोर घरच्यांकडे द्या. ठेव म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू परत करा. आणि ज्याच्याशी अबोला आहे, त्याला प्रत्यक्ष भेटा. माता-भगिनींना माझी विशेष विनंती आहे, बॅग भरताना मुलाला हा प्रश्न तुम्हीच विचारा. तुमच्यासमोर तो खोटे बोलणार नाही.

हे अल्लाह, समुद्रावर असलेल्या आमच्या मुलांचे रक्षण कर. त्यांना हलाल रोजी दे आणि सुखरूप घरी आण. आमच्या माना लोकांच्या हक्कांतून मोकळ्या कर आणि अखेरच्या प्रवासाला निघताना आमच्या मागे कोणाचेही देणे राहू देऊ नकोस. आमीन, या रब्बल आलमीन.