बाटली कोणाच्या हातात काढायची?

दारुड्याला हसणे सोपे असते, कारण तो उलट उत्तर देण्याच्या अवस्थेत नसतो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी राजकीय उपहासाने या सोयीचा भरपूर फायदा घेतला. ओहायोतला पत्रकार डेव्हिड रॉस लॉक याने १८६० च्या दशकात 'पेट्रोलियम व्ही. नॅस्बी' हे पात्र निर्माण केले. गुलामगिरीचा हा कैवारी अडाणी, सरकारी पदासाठी लाचार आणि सदैव व्हिस्कीत बुडालेला. दक्षिणेची तळी उचलणाऱ्या उत्तरेतल्या डेमोक्रॅटांचे ढोंग उघडे पाडणे हा लॉकचा हेतू. तो उत्तमच होता.

पण नॅस्बीची बाटली काढून घेतली तर तो शहाणा होईल काय? पळालेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा १८५० चा कायदा काही गुत्त्यात झाला नाही. तो काँग्रेसमध्ये रीतसर चर्चा होऊन मंजूर झाला. दुष्टपणा दारूच्या खाती मांडला की शुद्धीवरचा दुष्ट आपोआप सभ्य ठरतो. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलाम होता. १८४५ च्या आत्मकथनात तो सांगतो की, नाताळच्या सुटीत मालक गुलामांना मुद्दाम दारू पाजत, कोण जास्त पितो यावर पैजा लावत. सुटी संपेपर्यंत गुलामाला स्वातंत्र्याचीच शिसारी यावी, हा डाव. बाटली गुलामाच्या हातात दिसत होती, डोके मालकाचे चालत होते.

व्यंगचित्रकार थॉमस नास्टचेही तेच. 'हार्पर्स वीकली'तून न्यूयॉर्कच्या ट्वीडसारख्या बलाढ्य पुढाऱ्याला त्याने जेरीस आणले, हे श्रेय त्याचेच. मात्र ट्वीडला त्याने चोर म्हणून काढले आणि आयरिश मजुराला जात म्हणून: वानराचा चेहरा, हातात दारू. आता १८७५ चे 'व्हिस्की रिंग' प्रकरण पाहा. मद्यावरचा लाखो डॉलरांचा कर कारखानदार आणि महसुली अधिकारी संगनमताने गिळत होते, खटला थेट राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या खासगी सचिवापर्यंत पोहोचला. (तो निर्दोष सुटला, ग्रँटची साक्ष कामी आली.) हे हिशेब झिंगलेल्या माणसांना जमणारे नव्हते.

कोणी म्हणेल, संसार धुळीला मिळवणाऱ्याची एवढी वकिली कशाला? प्रश्न रास्त आहे. १८७३-७४ च्या हिवाळ्यात ओहायोतल्या बायका गुत्त्यांसमोर प्रार्थना करीत उभ्या राहिल्या, त्या हौसेने नव्हे. नवऱ्याने मजुरी पिऊन टाकली तर मुलांना काय घालायचे, हा त्यांचा सवाल होता, आणि मताचा अधिकार नसल्यामुळे रस्ता एवढेच त्यांचे विधिमंडळ. पण दारुड्याची टवाळी करून त्यांच्या चुलीत लाकूड पडत नव्हते. उलट खुद्द या बायकाही चेष्टेचा विषय झाल्या.

टवाळीने काही साधत नाही, हे लिंकनने आधीच ओळखले होते. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्डमध्ये व्यसनमुक्तांच्या संघटनेपुढे बोलताना त्याने धिक्काराची भाषा नाकारली. आपण व्यसनात पडलो नाही ते बहुधा तशी ओढच नव्हती म्हणून, आपण नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ होतो म्हणून नव्हे, असे त्याने श्रोत्यांना सुनावले. (पुढे हाच लिंकन नॅस्बीच्या नावाने लॉकने लिहिलेली पत्रे मोठ्याने वाचून हसत असे, माणूस काही तर्कशास्त्राचा ग्रंथ नसतो.) सभा चर्चमध्ये होती. त्या भाषणाने बाहेर पडणारी काही धर्मशील मंडळी चिडली होती, असे त्याचा वकिलीतला भागीदार हर्नडन याने नोंदवले आहे.