उतारशाळेचे दोन दिनार



दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला (लूक १०:२५-३७) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, हे आपल्या लक्षात राहते. पण दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना फेडण्याचे वचन दिले, हे आपण विसरतो. जखमी माणसाकडे कोणी पैसे मागितले नाहीत. मागणार तरी कसे? लुटारूंनी त्याच्या अंगावरचे कपडेही नेले होते!

आजारपणही माणसाला असेच लुटते. दागिने गहाण पडतात, मुलांची फी थकते. अशा वेळी उतारशाळेचे पैसे कोणी भरायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत आपल्यातलेच एक होते. सर जोसेफ भोर १८७८ साली नाशिकला एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मले आणि पुण्यात बिशप्स हायस्कूल व डेक्कन कॉलेजात शिकले. १९४३ साली देशाच्या आरोग्याचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. परिस्थिती भीषण होती. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९४६ च्या अहवालात समितीने सांगितले की, केवळ पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा आणि दवाखाना खेड्यापर्यंत पोहोचावा. याच विचारातून १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. आज बालमृत्यूचे ते प्रमाण हजारी ३० च्याही खाली आले आहे. सरकारी लसीकरणाचा आणि गावोगावच्या परिचारिकांचा त्यात मोठा वाटा आहे.

पोप तेविसावे योहान यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात वैद्यकीय सेवा हा माणसाचा हक्क असल्याचे म्हटले. दानधर्म श्रेष्ठच आहे. पण जिथे हक्क आहे, तिथे गरिबाला हात पसरावा लागू नये.

आपण मात्र काय करतो? चार पैसे हाती आले की खासगी रुग्णालय गाठतो. सरकारी दवाखान्यात औषध नाही, डॉक्टरची जागा रिकामी आहे, असे ऐकले की ‘तिथे असेच चालायचे’ म्हणून पुढे जातो. दाखल्यातील याजक आणि लेवीही असेच पलीकडच्या बाजूने निघून गेले होते.

ससूनच्या आवारात गावाहून आलेले नातेवाईक डबा-चादर घेऊन बसलेले दिसतात. ते रुग्णालय १८६७ साली उभे राहिले, ते डेव्हिड ससून या बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याच्या मोठ्या देणगीमुळे. परक्याने आपल्या शहरासाठी दिनार मोजले! आपण निदान कर प्रामाणिकपणे भरू या, तो आजाऱ्यापर्यंत पोहोचतो का हे नगरसेवकाला, आमदाराला विचारू या, आणि या आठवड्यात शेजारच्या एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला सरकारी दवाखान्यात सोबत करू या. केसपेपरच्या रांगेत उभे राहणे हीदेखील प्रार्थनाच आहे.

हे प्रभो, वाटेवर पडलेला माणूस पाहण्यास आम्हांला डोळे दे आणि उतारशाळेचा भार सर्वांनी मिळून उचलण्याची बुद्धी दे. आमेन.