आजोबांचं पाप, नातवाची केळी

सीतेला पळवून नेणारा रावण आणि तिच्या शोधात समुद्र ओलांडणारा मारुती ही एकच व्यक्ती आहे असं कुणी सांगितलं, तर आपण त्याला वेड्यात काढू. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ४४ वर्षांत साधारण हेच केलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. १९८१ साली डाँकी काँग नावाचा एक वानर एका बाईला उचलून लोखंडी गर्डरांच्या शेंड्यावर जाऊन बसला आणि तिला सोडवायला येणाऱ्या सुताराच्या अंगावर पिंपं लोटू लागला. त्या बाईला पुढे पोलिन हे नाव मिळालं. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘डाँकी काँग बनान्झा’त त्याच नावाचा वानर पोलिन नावाच्याच १३ वर्षांच्या मुलीला खांद्यावर बसवून पृथ्वीच्या पोटात उतरतो. ती गाते आणि तिच्या गाण्याने याच्या अंगात बळ येतं. उचलून नेणारा आता सांभाळून नेतो. मग हा तोच का?

हा प्रश्न मला कुठल्या ग्रंथात भेटला नाही, माझ्या धंद्यात भेटला. नव्वदच्या दशकात सुरतेतल्या उधन्यात माझं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे काय, तर एक खोली, दोन जुने टीव्ही आणि जपानी यंत्राची नक्कल असलेले टीव्ही गेम. तासावर पैसे. आजूबाजूला सगळी सांचाखाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, भिंतीपलीकडून दिवसरात्र खडखड. पाळी सुटली की कामगारांची पोरं यायची, कधी कामगारच यायचे, आणि त्यांना यंत्राचा आवाज मोठा करावा लागायचा. कॅसेटवर लाखांनी गेम छापलेले असत. मोजायला बसलं तर वीस-पंचवीस निघत, बाकी तेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. मूळ यंत्रातल्या डाँकी काँगला चार मजले होते, आमच्याकडे तीनच. सिमेंटच्या पाट्यांचा सरकता मजला घरगुती आवृत्तीतून गळाला होता. म्हणजे एकच गेम अनेक नावांनी आणि एका नावाखाली अपुरा गेम, हे दोन्ही प्रकार माझ्या त्या खोलीतच होते.

एका शनिवारी पोराला शोधत आलेली एक मावशी पडद्याकडे बघत दारातच थबकली. “मारुतीरायाला बाई पळवायला लावता का रे भाऊ?” मी म्हटलं, “मावशी, तो मारुती नाही, जपानी माकड आहे.” “मग कोण आहे तो?” एवढंच विचारून पोराचा कान धरून ती निघून गेली. 

कोण आहे तो? निर्मात्यांनाही हे आधीपासून ठाऊक होतं असं नाही. अमेरिकेत निन्टेन्डोचा ‘रडार स्कोप’ नावाचा गेम पडला, यंत्रं विकली न जाता पडून राहिली. त्या खोक्यांत भरायला काहीतरी नवं हवं म्हणून शिगेरू मियामोटो या तरुण चित्रकाराला काम दिलं. त्याला कार्टूनमधला पॉपाय घ्यायचा होता, पण हक्क मिळाले नाहीत. मग पॉपायच्या जागी सुतार, त्याच्या प्रेयसीच्या जागी ही बाई आणि दांडगट ब्लुटोच्या जागी वानर आला. थोडक्यात, वानराचा जन्मच दुसऱ्याच्या रिकाम्या पाटावर झाला. वर्षभरात युनिव्हर्सल स्टुडिओने न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला भरला की हा आमचा किंगकाँग आहे. कोर्टाने निन्टेन्डोच्या बाजूने निकाल दिला आणि १९८४ मध्ये वरच्या कोर्टातही तो टिकला. दोन वानरांत कुणाची गल्लत होणार नाही, एक भयंकर आणि दुसरा पोरकट विनोदी, असा एकूण सूर होता. त्यात गंमत अशी की किंगकाँगची कथा कुणाच्याच मालकीची नाही, हे याच युनिव्हर्सलने काही वर्षांपूर्वी दुसऱ्या खटल्यात स्वतः सांगितलं होतं. आपल्याकडे आत्म्याचं वर्णन ‘हे नव्हे, तेही नव्हे’ असं करत जातात. या वानराला ते भाग्य कोर्टात लाभलं.

खटला चालू असतानाच, १९८२ साली, दुसरा गेम आला. त्यात वानर पिंजऱ्यात, चाबूक सुताराच्या हातात आणि बापाला सोडवायला वेलींवरून चढणारा छोटा डाँकी काँग ज्युनियर. माझ्या पार्लरमध्ये पोरांना हाच जास्त आवडायचा. न्यायाच्या दृष्टीने बघाल तर हिशेब इथेच मिटतो: गुन्हा केला, कैद भोगली, मुलाने सोडवलं. पण सुटका झाली म्हणजे माणूस बदलला असं नसतं. पुढच्या वर्षीच्या गेममध्ये हा पठ्ठ्या कुणाच्या तरी काचघरात घुसून किडे पिसाळवताना दिसतो.

मग १९९४. त्या वर्षी इंग्लंडमधल्या रेअर या कंपनीने ‘डाँकी काँग कंट्री’ काढला. अंगावर खरे वाटणारे केस, गळ्यात डीके अक्षरांचा लाल टाय. स्वतःचं बेट, स्वतःचं गोत्र आणि चोरीला गेलेला केळीचा साठा परत मिळवण्याची मोहीम. (मी रावेर तालुक्यातला. केळीच्या घडावरून भावकीत डोकी फुटलेली पाहिली आहेत, त्यामुळे हे युद्ध मला अगदी खरं वाटलं.) बायका पळवण्याचं नाव नाही. आणि त्याच गेममध्ये झोपडीत एक पांढऱ्या दाढीचा, काठी टेकत फिरणारा कुरकुऱ्या म्हातारा, क्रँकी काँग. सांगण्यात आलं की १९८१ चा मूळ डाँकी काँग हाच, आणि टायवाला त्याचा वंशज. कुठे नातू म्हटलंय, कुठे मुलगा. ज्युनियरचं काय झालं, हे कुणी धड सांगत नाही.

ही युक्ती मला आवडलीही आणि खटकलीही. नाव नातवाकडे गेलं, बेट नातवाकडे, केळी नातवाकडे. पाप मात्र आजोबांच्या झोपडीत राहिलं. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. घरच्यांना तो विचारायला जातो की माझ्या पापात वाटेकरी व्हाल का, आणि लुटीवर पोसलेली बायकापोरं सरळ नाही म्हणतात. पण निदान वाल्याच्या पोरांना कुणी वाल्या म्हणत नव्हतं. इथे पोराने बापजाद्याचं नाव जसंच्या तसं गळ्यात बांधलंय.

आमच्या गल्लीत बुद्धविहार आहे. खानदेशातून आलेली बरीच बौद्ध कुटुंबं तिथे जमतात. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला ‘मिलिंदप्रश्न’ वाचायला दिला. यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो की पुनर्जन्म घेणारा जर तोच नसेल, तर तो जुन्या कर्मांतून सुटला का? नागसेन आंब्याचा दाखला देतो. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, याने जे लावले होते ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. राजाच कबूल करतो की चोर सुटणार नाही, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्यांमुळेच आले. आत्मा न मानणारा हा भिक्षू जबाबदारी मात्र सोडत नाही. तोच नसलास तरी त्याच्यातूनच आलास ना, मग दे उत्तर.

सुरतेतल्या मराठी माणसाला हा आंबा वरचेवर खायला लागतो. शेठ चहा पाजताना हसत विचारतात, “काय भाऊ, पुन्हा लुटायला आलात?” शिवाजी महाराजांनी सुरत लुटली ते १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर हे महिने या शहराच्या आठवणीत अजून आहेत. शिवजयंतीला लिंबायतच्या मिरवणुकीत फेटा बांधून नाचणारा पोरगा त्या दोन्ही स्वाऱ्या आपल्या म्हणून मिरवतो. तोच पोरगा शेठच्या दुकानात म्हणतो, “त्याच्याशी माझा काय संबंध, मी तर पोटासाठी आलो.” नागसेनापुढे हे चालायचं नाही. आंबा हवा तर कोयही घ्यावी लागेल. मला विचाराल तर शेठच्या थट्टेला हसावं, स्वाऱ्यांमागचं राजकारण सांगावं आणि आणखी एक चहा मागवावा, पण संबंध नाकारू नये.

शहरसुद्धा हेच करतं. १९९४ च्या सप्टेंबरात, म्हणजे नवा डाँकी काँग बाजारात यायच्या दोनच महिने आधी, सुरतेत प्लेग आला. लाखो माणसं पळाली. उधना-जळगाव लाइनच्या गाड्यांना लोक लोंबकळले, आणि गावाकडे पोचल्यावर तिथल्यांनी त्यांना वेशीवर अडवलं. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि शहर घासूनपुसून काढलं. २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिली. मला याचा अभिमान आहे. पण तेव्हाची घाण कुणाची होती, असं विचारा. हटकून उत्तर येतं, बाहेरून आलेल्यांची, झोपडपट्टीवाल्यांची. स्वच्छता शहराची आणि प्लेग आमचा. १९९४ ची सुरत अशी आमच्या झोपडीत आणून बसवली आहे, आणि आम्हीही तिच्यासारखेच थोडे कुरकुरे झालो आहोत.

आपल्या पुराणांनी म्हाताऱ्या वानराचं काय केलं, ते बघण्यासारखं आहे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदीसाठी फूल आणायला निघालेल्या भीमाला वाटेत एक म्हातारा वानर आडवा पडलेला दिसतो. त्याची शेपटी भीमाला हलवत नाही. तो मारुती, वायुपुत्र म्हणून भीमाचा थोरला भाऊ. ओळख पटल्यावर भीम म्हणतो, समुद्र ओलांडतानाचं तुझं रूप दाखव. मारुती आधी नाही म्हणतो. तो काळ वेगळा होता, तो सांगतो. युग बदललं की पृथ्वी, नद्या, झाडं, माणसांची शरीरं आणि बळ, सगळं बदलतं, मीही काळाप्रमाणे वागतो, आज ते रूप माझं नाही. भीम हट्ट धरतो तेव्हा मात्र तो ते रूप दाखवतो, आणि भीमाला ते बघवत नाही.

मारुती बदल नाकारत नाही, उलट त्याचं कारणच समजावतो. पण बदलाच्या आड लपतही नाही. लंका जाळणारा दुसराच कुणी होता, मी त्याचा नातू, असं तो म्हणत नाही. सूर्याला फळ समजून झेपावणारं पोर, शक्ती विसरलेला आणि जांबवंताने आठवण करून दिलेला तरुण, वाटेत आडवा पडलेला हा म्हातारा, सगळ्यांची खाती त्याच्या एकाच नावावर आहेत. चिरंजीव असण्याची ही खरी किंमत असावी. मेल्याने सुटका होत नाही आणि वारसावर ढकलताही येत नाही.

म्हणून माझ्यापुरता खरा डाँकी काँग म्हणजे तो काठीवाला म्हातारा. तो पश्चात्ताप वगैरे करत नाही, उलट आमच्या वेळी गेम कसे कठीण होते याची फुशारकी मारतो. पण “तो मी होतो” हे वाक्य त्या अख्ख्या गोत्रात त्याच्याच तोंडी आहे. शेजारचे एक माळकरी बुवा माझ्याशी यावर वाद घालतात. त्यांच्या मते नाम घेतलं की पातकं जळतात, वाल्याचा वाल्मीकी होतो, तर एका कार्टूनच्या मागे मी कशाला लागलोय? मी त्यांना सांगतो की वाल्याचाच वाल्मीकी झाला, वाल्याच्या नातवाचा नव्हे. त्याने स्वतः वारुळात बसून ते केलं. या टायवाल्याने काही केलेलंच नाही, ना पाप ना तप. बुवांना ते पटत नाही. ते म्हणतात, आज तो पोरीला सांभाळतोय ना, मग झालं.

आणि त्यातही आता नवा घोळ आहे. त्या सुताराच्या, म्हणजे मारिओच्या, २०२३ च्या चित्रपटात क्रँकी काँग चक्क राजा आहे, डाँकी काँगचा बाप. बाई पळवल्याचा तिथे उल्लेखही नाही. २०१७ च्या ‘ओडिसी’ गेममध्ये पोलिन एका मोठ्या शहराची महापौर होती आणि तिच्या शहरात त्या जुन्या गेमचा उत्सव भरत होता. निदान तिने ती गोष्ट पुसलेली नव्हती. बनान्झातली पोलिन १३ वर्षांची. ही कथा जुन्या गेमच्या आधीची की नंतरची, ही तीच की तिच्या नावाची दुसरी, यावर खेळणारे अजून भांडतायत. आधीची असेल, तर खांद्यावर बसून गाणाऱ्या या पोरीला पुढे गर्डरवर नेणारा कोण, ते कंपनीला पुन्हा एकदा ठरवावं लागेल. बुवा म्हणतात, ते तेव्हाचं तेव्हा बघू.