अंग कुणाचं?

र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, असं ते मांडत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, ही भरल्या पोटाची थेरं! आपल्या आयाबहिणींना गावानं नागवं करून फिरवलं. ते थांबवायला १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम घालावं लागलं. आपल्याला कसलं आलंय नग्नतेचं स्वातंत्र्य?

पण ते हसू टिकलं नाही. होस्टेलात चार वर्षं मी बनियन घालूनच आंघोळ केली. काळं अंग, वर आलेल्या बरगड्या कुणी बघू नयेत म्हणून. गाव तर मागं राहिलं होतं. मग ही लाज कुणाची?

‘समाजस्वास्थ्य’ निघालं जुलै १९२७ मध्ये. त्याच डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं, गुडघ्यावरचं लुगडं ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. पुढे वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून कर्व्यांवर खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडली ती बाबासाहेबांनीच.

एकीकडे अंगभर नेसा, दुसरीकडे कर्व्यांची पाठराखण. विसंगती? मला नाही वाटत. प्रश्न कापडाचा नाहीच. नेसवणारा आणि फेडणारा हात कुणाचा, हा प्रश्न आहे. तो दुसऱ्याचा असेल तर गुलामी. मग अंगावर भरजरी का असेना.

मी काही चौकात नागडा फिरणार नाही. पण आता उघड्या अंगानं आंघोळ करतो. मित्रांनो, तुमची बनियन कुठली, ते तुम्हीच बघा.